लेट मार्क

मकरपुरा जीआयडीसीत आमच्याकडे व्हॉल्व्ह बनतात.
मी पगार बनवतो.
बावीस वर्षं. अकरा पैशांचा फरक आला
तर रात्री घरी जात नाही, ही माझी ख्याती.

आज टेबलावर शर्वाणी इंगळे,
कोड चारशे सतरा, क्वालिटी.
अंतिम हिशोब.

मे: एक लेट मार्क.
जून: चार.
जुलै: नऊ. सात मिनिटं, बारा मिनिटं, एकोणीस.
तीन लेटला अर्धा दिवस.
नियम कंपनीचा, कात्री माझी.

ती विचारायला आली होती. दारातच थांबली.
हातातला मोबाईल उजळायचा, विझायचा,
पुन्हा उजळायचा. ती बघत नव्हती त्याच्याकडे.
कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: वळसा.
मी म्हणालो, हे काय कारण झालं? नीट लिही.
तिनं वळसा खोडलं.
लिहिलं: बस.

गुजरातीत काय, मराठीत काय,
दोनच अक्षरं.
मी सिटी बस समजलो.

आता त्या तारखांचा नकाशा होतो.
सुसेन चार रस्त्याला उतरणं जूनमध्ये सोडलं,
मग तरसालीकडून, मग मांजलपूरला उतरून
कारखान्यांच्या मागच्या भिंतींनी चालत.
हे मला तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं सांगितलं.
नंतर.

त्याचंही कार्ड माझ्याकडेच आहे. डिस्पॅच.
हजेरी शंभर टक्के. लेट मार्क शून्य.
जुलैचा हजेरी-बोनस पाचशे रुपये,
व्हाउचरवर सही माझी.
शिफ्ट बदलून घेतली, तीनदा, प्रत्येक वेळी तिच्या शिफ्टला.
कारण: वैयक्तिक.
नीट लिही, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

समितीची सभा दोनदा पुढे गेली.
तिसऱ्यांदा भरली. त्याला समज देण्यात आली.
चहा, खारी, एकशे ऐंशी रुपये.
मंजूर.

ऑगस्टच्या पगाराला मी तिला म्हणालो,
आणि चांगल्या मनानं म्हणालो,
लवकर येत जा, पोरी. कापताना मलाही बरं वाटत नाही.

एकवीस ऑगस्ट. पंच: आठ बेचाळीस.
वेळेआधी अठरा मिनिटं.
वळसा अर्धाच घेतला असणार.
मशीनपासून क्वालिटीपर्यंत जाताना
सायकल स्टँड लागतो, त्या वेळी तिथं कुणी नसतं,
वॉचमन पाण्याचे जग भरायला जातो.

त्याचा पंच: आठ वीस.

पुढचं पंचनाम्यात आहे.
माझ्याकडे एवढंच, की तिचा आउट-पंच नाही.
सॉफ्टवेअर रोज सकाळी लाल अक्षरांत विचारतं,
चारशे सतरा अजून आत आहे का?
हो किंवा नाही, एक बटण दाबायचं असतं.
मी खिडकी बंद करतो. ती उद्या परत उघडते.

काल वडील आले. दांडिया बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करतात,
नखांत तेल. कपातीच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं,
तिथं डाग राहिला.
"उशिरा यायची?
घरून तर सव्वासातला निघायची.
डबा मीच भरून द्यायचो."

दांडिया बाजार ते मकरपुरा, पाऊण तास.
फार तर.
मी समोर बसल्याबसल्या वजाबाकी केली,
सवयच आहे.
नऊ बाराला पंच झाला त्या दिवशी
एक तास बारा मिनिटं उरतात.
कुठल्या खात्यात घालू?

त्यांनी सही केली.
पेनाला टोपण लावून परत दिलं.

रात्री वॉचमन दोनदा डोकावून गेला.
तिसऱ्यांदा दारात उभा राहिला,
साहेब, फरक सापडत नाही का?

सापडलाय, म्हटलं.
तू जा.